अंगणातील पाऊस आणि हिरवळीचे पाणी

आकाशाकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रे शेतकऱ्याच्या तोंडी असतात. आणि पाऊस असा पडतो की बैलाचे एक शिंग भिजते व दुसरे कोरडे राहते, असेही तोच सांगतो. या बोलण्यात एक शास्त्रीय सत्य दडलेले आहे. एकाच गावच्या दोन शिवारांत पाऊस सारखा पडत नाही. मग दूरच्या केंद्रातील आकड्यावर आपल्या अंगणातील पाणी ठरवावे कसे?

मादन हिप्परगा हे गाव कळबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येथे कानावर पडतात. काळी जमीन, तुरीचे पीक आणि पावसावरचा भरवसा ही या भागाची ओळख. कर्नाटक सरकारने १९८८ साली दुष्काळावर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र कक्ष उभारला. त्यातूनच पुढे राज्याचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र आकारास आले. या केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापके नेली आणि होबळीच्या पातळीवर हवामान केंद्रे बसविली. पाऊस किती झाला हे मोजण्यासाठी तालुक्याच्या गावावर विसंबून राहण्याचे दिवस त्यामुळे सरले.

घरगुती हवामान केंद्र हे याच साखळीतील शेवटचे आणि सर्वांत लहान कडे होय. तपमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, ऊन आणि पाऊस यांची नोंद ते ठेवते. यांपैकी पहिल्या चार गोष्टींवरून जमिनीतून व पानांतून किती पाणी उडून जाते, याचा हिशेब मांडता येतो. या हिशेबाचा पाया इंग्रज शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली घातला. आपल्याकडे पुण्यास १९३२ सालीच डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषिहवामानाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता.

हिशेब समजण्यास अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. समजा, उन्हाळ्याच्या एका दिवशी यंत्राच्या हिशेबाने सहा मिलिमीटर पाणी उडते. हरळीसारख्या गवताची गरज त्याच्या सुमारे आठ दशांश, म्हणजे ४.८ मिलिमीटर धरावी. शंभर चौरस मीटर हिरवळीस त्या दिवशी ४८० लिटर पाणी लागेल. पण आदल्या रात्री वळवाचा दहा मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत मुरला असेल, तर निसर्गाने हजार लिटर पाणी आधीच दिले आहे. दोन दिवस फवारे बंद ठेवावयास हरकत नाही. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या नळास हे कळत नाही. तो भर पावसातही पाणी सोडीत राहतो. केंद्राला जोडलेला नळ मात्र हा हिशेब पाहून उघडतो.

हवेचा हिशेब झाला, तरी जमिनीची साक्ष घ्यावी लागते. त्यासाठी मुळांच्या खोलीवर ओलावामापक पुरतात. विद्युत्क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद पाण्यात फार मोठा आणि कोरड्या मातीत अगदी अल्प असतो. या फरकावरून हे उपकरण ओल ओळखते.

येथे काळ्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्यावयास हवा. ती पाणी धरून ठेवते, पण ओली झाल्यावर फार सावकाश पिते. म्हणून एकदम भरपूर पाणी सोडण्यापेक्षा थोडे देऊन थांबावे व पुन्हा द्यावे. वाळल्यावर तिला भेगा पडतात. उपकरणाजवळ भेग पडली की त्याला हवा लागते आणि आजूबाजूला ओल असूनही ते कोरडे असल्याचे सांगते. अशा वेळी यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस बचतीऐवजी नासाडी करील. म्हणून हातभर खोल माती उकरून, मुठीत दाबून पाहण्याची जुनी रीत सोडू नये. पर्जन्यमापकही भिंत वा झाड यांच्या आडोशाला ठेवू नये. जवळच्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखावे. तपमापकास सावली व मोकळी हवा मिळावी.

एवढा खटाटोप गवतासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या मुलखाच्या अनुभवातच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या विहिरीतून अंगणाची हिरवळ भिजते, तिचेच झरे शेजाऱ्याच्या विहिरीला आणि गावच्या बोअरला पोहोचत असतात. ऐन टंचाईत हिरवळीचा विचारच सोडावा लागेल, आणि तो सोडणेच योग्य. हरळी वाळली तरी पहिल्या पावसाने पुन्हा फुटते. एरवी मात्र मोजून दिलेले पाणी हा आपल्या अंगणापुरता प्रश्न राहत नाही. आज जमिनीखाली राखलेली घागर उद्या कोणाच्या तरी चुलीजवळ पोहोचते. यंत्र आकडा सांगेल. तो वाचून नळ बंद करण्याची बुद्धी माणसालाच दाखवावी लागते.