घरातली तीन घड्याळं

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. कुकरची दुसरी शिट्टी होते. "अगं ऊठ, सहा वाजून गेले!" ही तिसरी हाक. चौथ्या हाकेला पंखा बंद होतो, पाचव्या हाकेला पांघरूण ओढलं जातं. नववीतली मुलगी उठून बसते आणि भिंतीला टेकून पुन्हा डोळे मिटते. आजोबा एव्हाना फिरून आलेले असतात, पेपरही निम्मा वाचून झालेला असतो. ते नेमकं नको तेव्हा म्हणतात, "आम्ही पाचला उठून पाढे म्हणायचो." त्यावर ती काहीतरी पुटपुटते, त्यावर मी दुप्पट बोलते, आणि रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजतो तेव्हा डबा ओट्यावरच राहिलेला असतो.

हे आमच्याकडचं. तुमच्याकडे कुकरऐवजी मिक्सर असेल, एवढाच फरक.

दोन वर्षं मी याला आळस म्हणत होते. मग झोपेच्या शास्त्रावरचं थोडं वाचलं आणि लक्षात आलं की आमच्या घरात एकच घड्याळ भिंतीवर असलं तरी चालू असलेली घड्याळं तीन आहेत. आजोबांचं पुढे पळणारं, माझं बऱ्यापैकी भिंतीला धरून असलेलं आणि मुलीचं मागे पडलेलं. तिन्हींतलं एकही बिघडलेलं नाही.

हे घड्याळ असतं कुठे? दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू मेंदूत जिथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या नेमकं वर. जेमतेम वीस हजार पेशींचा हा पुंजका. डोळ्यांकडून त्याला उजेडाची खबर मिळते आणि त्यावरून तो साऱ्या शरीराचं वेळापत्रक लावतो. अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे. 'रात्र झाली' असा तो शरीराला धाडलेला निरोप असतो. पेशीच्या आत ही टिकटिक कशी चालते, याचा उलगडा चिलटांवर झाला. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावतात, तीच चिलटं. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना त्यासाठी २०१७ साली नोबेल मिळालं. आपल्याकडेही मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी या विषयाचा पाया घातला. ना खिडकी, ना घड्याळ अशा खोलीत माणसांना ठेवून त्यांच्या आतलं घड्याळ कसं चालतं, ते तिथे तपासलं गेलं.

वयात येताना या घड्याळाचे काटे मागे सरकतात, एक ते दोन तासांनी. पूर्वी साडेनऊला पेंगणाऱ्या मुलीच्या शरीराला आता अकराच्या आसपास रात्र झाल्याचं कळतं. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा केल्या. त्यांना दिसलं की हे मागे सरकणं मुलींमध्ये साधारण साडेएकोणिसाव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये जवळजवळ एकविसाव्या वर्षापर्यंत चालतं. त्यानंतर काटे हळूहळू उलट फिरू लागतात. वय वाढतं तसा माणूस लवकर झोपतो, लवकर उठतो आणि नातवंडांना पाढ्यांच्या गोष्टी सांगतो.

दुसरी गोष्टही याच वयात घडते. जागेपणी मेंदूत झोपेचा दाब साठत जातो. इडलीचं पीठ फुगत जावं तसा. लहान मुलात हे पीठ मे महिन्यातल्यासारखं भराभर फुगतं, म्हणून ते जेवता जेवता ताटावरच डुलकी घेतं. चौदा-पंधराच्या मुलात तेच पीठ डिसेंबरातल्यासारखं सावकाश वर येतं. म्हणून "दहा वाजता दिवा बंद करून पड, आपोआप झोप येईल" हा सल्ला फुकट जातो. मूल पडतं, पण अंधारात छताकडे बघत राहतं. मग हात उशीखालच्या मोबाइलकडे जातो आणि आपल्याला गुन्हेगार सापडतो.

मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या वाट्याला जरा जास्तच दोष येतो. वयात येताना झोपेची वेळ पुढे ढकलली जाणं उंदरांत आणि माकडांतही आढळलं आहे, आणि त्यांच्या हातात मोबाइल नसतो. झोपण्याआधी कागदी पुस्तक आणि उजळ पडद्यावरचं पुस्तक यांची तुलना करणारा अमेरिकेतला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर वाचणाऱ्यांचं मेलाटोनिन दीड तास उशिरा वाढलं, पण प्रत्यक्षात झोप लागायला त्यांना साधारण दहाच मिनिटं जास्त लागली. म्हणजे उजेड आपलं काम करतो. पण खरी झोप उडवतो तो पडद्यामागचा मित्रांचा ग्रुप. तिथे रात्री बाराला भांडण पेटलेलं असताना झोपी जाणं हे त्या वयात सभ्यपणाचं मानलं जात नाही.

मोठं झालं की झोप कमी लागते, असं आपण सगळेच धरून चालतो. मेरी कार्सकडन यांनाही तसंच वाटत होतं. १९७६ साली त्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांसाठी उन्हाळी झोप-शिबिर भरवलं. दहा ते बारा वर्षांची मुलं यायची, रात्री दहा ते सकाळी आठ अंथरुणात राहायची, डोक्याला तारा लावलेल्या. तीच मुलं पुढच्या उन्हाळ्यातही आली, त्याच्या पुढच्याही. दरवर्षी त्यांची झोप थोडी थोडी कमी होत जाईल, असा अंदाज होता. तसं झालं नाही. मुलं वाढत गेली, पण झोप सव्वानऊ तासांच्या आसपासच राहिली. उलट वयात आलेली मुलं एवढं झोपूनही भर दुपारी लहानांपेक्षा जास्त पेंगत होती.

आता गणित मांडा. झोप लागते सव्वाअकरा-साडेअकराला, उठायचं सहाला. हातात पडतात साडेसहा तास. लागतात निदान आठ, बऱ्याच मुलांना नऊ. शनिवारपर्यंत दहा-बारा तासांची उधारी चढते आणि रविवारी मूल अकरापर्यंत उठत नाही. घरात त्याला 'लोळत पडणं' म्हणतात. रोनेबर्ग यांनी या प्रकाराला 'सामाजिक जेटलॅग' असं नाव दिलं. शनिवार-रविवार शरीर दुबईच्याही पलीकडच्या वेळेवर जगतं आणि सोमवारी सकाळी सहाला त्याला पुन्हा पुण्यात उतरवलं जातं. विमानाने जाऊन येणाऱ्याची आपण चौकशी तरी करतो.

ही कापलेली झोप कोणती असते, तेही बघण्यासारखं आहे. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात उरकते. स्वप्नांची झोप, म्हणजे बंद पापण्यांखाली बुबुळं भिरभिरतात ती, रात्रीच्या शेवटच्या प्रहरात दाटते. सकाळच्या हाकांनी आपण नेमकी तिलाच कात्री लावतो. आणि दिवसभरातल्या अपमान-भीती-रागाचं टोक बोथट करण्यात या झोपेचा मोठा हात असावा, असं अनेक संशोधक मानतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना सुमारे पस्तीस तास जागं ठेवून मग त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूतल्या बदामाएवढ्या ॲमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया झोप झालेल्यांपेक्षा साठ टक्क्यांनी तीव्र होती. कपाळामागचा जो भाग एरवी तिला "जरा थांब" म्हणतो, त्याच्याशी तिचा दुवाही सैल पडला होता. आमची मुलगी काही पस्तीस तास जागी नसते. पण "वेणी नीट घाल" एवढ्यावरून तिच्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा तो उद्धटपणा की उधारी, हे मी आता आधी मोजते.

घराचा यात वाटा किती, याचा एक अंदाज अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीतून २०१० साली मिळाला. ज्या घरी आई-वडिलांनी झोपायची वेळ रात्री दहा किंवा त्याआधीची ठरवली होती, त्यांच्या तुलनेत बारा किंवा त्यानंतरची मुभा असलेल्या मुलांमध्ये नैराश्याची शक्यता २४ टक्के जास्त दिसली. अशा पाहणीवरून कारण आणि परिणाम छातीठोकपणे सांगता येत नाहीत. नाराज मूलही उशिरापर्यंत जागतंच. पण वेळ घराने ठरवलेली होती, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

आणि आपल्याकडे मुलांची झोपायची वेळ ठरवतं कोण? क्लास सुटतो साडेआठला. बाबा लोकलने घरी पोचतात पावणेदहाला. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हणून पानं मांडली जातात दहाला. वन-रूम किचनमध्ये मुलीची गादी पडते ती टीव्हीसमोरच्याच जागेत, म्हणजे मालिका संपल्यावर. मग गृहपाठ. अकरा वाजता आपण तिला म्हणतो, "तू लवकर झोपत का नाहीस?" हा प्रश्न तिला एकटीला विचारणं अन्यायाचं आहे.

पिढ्यांची घड्याळं अशी वेगवेगळी का, यावर एक मजेदार तर्क आहे. टांझानियातल्या हादझा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहणाऱ्या लोकांत संशोधकांनी तेहेतीस मोठ्या माणसांची झोप वीस दिवस नोंदवली. सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत, असे क्षण एवढ्या दिवसांत मिळून फक्त अठरा मिनिटं भरले. कोणी ना कोणी जागंच. तरुण उशिरा झोपणार, म्हातारे पहाटे उठणार, म्हणजे टोळीला राखण मिळणार. आपल्याकडेही शेतावर जागलीला पोरं जायची आणि पहाटे म्हातारा उठून गोठ्यात दिवा लावायचा. तेव्हा याला कोणी आळस म्हणत नसे.

आता शाळेकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलं होतं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. सिएटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळा पावणेआठऐवजी पावणेनऊच्या सुमारास सुरू केल्या. मुलं त्यामुळे रात्री आणखी जागतील, असा आक्षेप होता. मोजल्यावर दिसलं की त्यांची रोजची झोप चौतीस मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. तो जुलै २०२२ पासून लागू आहे.

महाराष्ट्रातही हालचाल झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळेच्या वेळा बदलायला सुचवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला: शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर. कोणत्या वर्गांची? पूर्वप्राथमिक ते चौथी. छोट्यांना झोप हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठ वर्षांचं मूल रात्री नऊला झोपून सहाला आपणहून उठू शकतं. ज्याला जैविकदृष्ट्या ते जमत नाही, तो नववीतला मुलगा त्या आदेशात नाही. सवलत मिळाली, पण ज्याला सर्वांत जास्त गरज त्याला सोडून.

त्यात आपल्या भूगोलाची भर. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून मोजली जाते, तो मुंबईच्या बराच पूर्वेला, प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जातो. त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने मुंबई त्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे आहे. पूर्वी 'बॉम्बे टाइम' नावाची वेगळी वेळ होती ती याचसाठी, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. घड्याळात सातला भरणारी मुंबईची शाळा सूर्याच्या लेखी सहा-एकवीसला भरते. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे प्रार्थना अंधारात.

शाळा बदलेपर्यंत घरी काय करता येतं? माझ्या अनुभवाने दोनच गोष्टींनी फरक पडतो. पहिली, सकाळचा उजेड. उठल्या उठल्या, किंवा सूर्य वर आल्याबरोबर, पंधरा मिनिटं गॅलरीत, अंगणात, बसस्टॉपवर, पण उघड्यावर. मागे पडलेलं घड्याळ पुढे ओढण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय. दुसरी, रविवारची सूट दीड तासापुरती. अकरापर्यंत झोपू दिलं तर सोमवार आणखी जड जातो. राहिलेली झोप दुपारी अर्ध्या तासात भरून घ्यावी. बाकी, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, कारण पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. आणि मार्कांचा विषय सकाळी सहाला काढू नये. सहाला ते ऐकणारं डोकं अजून झोपेतच असतं.

एक गोष्ट मात्र झोपेच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. सुट्टीत भरपूर झोपूनही मूल दोन आठवडे उदास असेल, आवडीचं खाणं, खेळ, मैत्रिणी टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते घड्याळाचं प्रकरण नव्हे. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

आणि पुन्हा शाळेकडे. अनेक मोठ्या शाळा दोन सत्रांत भरतात. इमारत तीच, बाकं तीच. पुढच्या पालकसभेत गणवेश आणि सहलीच्या चर्चेआधी हात वर करून विचारा: आठवी ते दहावीचे वर्ग दुपारच्या सत्रात का नाहीत?