‘ड्युरॅल्युमिन’ : एका नांवाचा अर्थ व उपयोग

तांबें व जस्त यांचें पितळ, तांबें व कथील यांचें कांसें, हें आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु विमानविद्येबरोबर गेल्या शतकांत जें नांव जगभर पसरलें, त्या ‘ड्युरॅल्युमिन’ शब्दाविषयीं सुशिक्षितांतहि घोंटाळा आढळतो. कोणत्याहि हलक्या मिश्रधातूस तें सरसकट लावलें जातें. नांव चुकलें म्हणजे वस्तूशीं आपली वागणूकहि चुकते. म्हणून या शब्दाचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

लॅटिन भाषेंत ‘ड्यूरुस’ म्हणजे कठीण. त्यापुढें ॲल्युमिनियम जोडून ‘कठीण ॲल्युमिनियम’ असा अर्थ होतो. दुसरें मत असें कीं, जर्मनींतील ड्यूरेन गांवच्या कारखान्यानें हा धातु १९०९ च्या सुमारास विक्रीस आणला, त्या गांवाचेंच नांव यांत गोंवलें आहे. आपल्या ‘दुर्’ उपसर्गाशीं मात्र त्याचा कांहीं संबंध नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद केले आहेत. ‘पंकज’ म्हणजे चिखलांत जन्मलेलें. पण बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं, कमळासच म्हणतात. ‘ड्युरॅल्युमिन’ हाहि असाच योगरूढ शब्द होय. प्रत्येक कठीण ॲल्युमिनियम म्हणजे ड्युरॅल्युमिन नव्हे.

मग ड्युरॅल्युमिन कोणतें? शुद्ध ॲल्युमिनियम हलकें खरें, पण मऊ. त्यांत शेंकडा सुमारें ४ भाग तांबें, आणि मॅग्नेशियम व मँगेनीज हीं अगदीं थोडीं, साधारणतः अर्धा ते एक भाग, मिसळलीं म्हणजे द्रव्य तयार होतें; पण गुण अद्याप यावयाचा असतो. आल्फ्रेड विल्म नांवाचा जर्मन धातुशास्त्रज्ञ काडतुसांच्या पितळेस पर्याय शोधीत होता. १९०६ मध्यें त्यानें असा एक मिश्रधातु सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून एकदम पाण्यांत विझवला. त्या वेळीं तो बेताचाच कठीण भरला. मध्यें रविवार गेला. पुन्हा मोजतां तोच धातु पुष्कळ अधिक कठीण झालेला आढळला. कोणी कांहीं केलें नव्हतें. केवळ काळ लोटला होता.

याचें कारण असें. तापवल्यानें तांबें ॲल्युमिनियमांत विरघळतें, एकदम थंड केल्यानें तें तेथेंच अडकून पडतें, आणि मग हळूहळू त्याचे अतिसूक्ष्म पुंजके जमतात. धातूचे थर एकमेकांवरून सरकूं लागले कीं हे पुंजके त्यांस अडवतात. फ्रान्समधील गिनिए व इंग्लंडमधील प्रेस्टन या दोघांनीं १९३८ मध्यें क्ष-किरणांच्या साह्यानें परस्परांपासून स्वतंत्रपणें हें दाखवलें. म्हणजे या नांवांत द्रव्याइतकाच संस्कारहि अभिप्रेत आहे.

हें पक्व होणें थंडींत लांबतें. म्हणून विमानांच्या कारखान्यांत अशा धातूचे रिव्हेट विझवल्यानंतर शीतपेटींत ठेवीत. तेथून काढून मऊ आहेत तोंच ठोकावयाचे, कीं पुढें ते जागच्या जागीं कठीण होतात. वजन पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश आणि बळ मात्र साध्या पोलादाच्या तोडीचें, यामुळें १९१९ चें युंकर्स एफ १३ हें सर्वस्वीं धातूचें प्रवासी विमान आणि १९३६ च्या ‘हिंडेनबुर्ग’ या प्रचंड वायुनौकेचा सांगाडा हीं दोन्ही याच धातूचीं झालीं.

गुणाबरोबर दोषहि आहे. तांब्यामुळें हा धातु खाऱ्या, दमट हवेंत लवकर झिजतो. म्हणून विमानाच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ लेप चढवतात. अर्थात् मीठ, चिंच व आमसूल यांच्या सहवासांत राहणाऱ्या भांड्यांस तो उपयोगी नाहीं. स्वयंपाकघरांतील ‘हिंडालियम’ हें व्यापारी नांव निराळ्या ॲल्युमिनियम-मिश्रधातूचें आहे. त्यास ड्युरॅल्युमिन म्हणणें योग्य नव्हे. अभियंते तर आज नांवापेक्षां क्रमांकच वापरतात; मूळ ड्युरॅल्युमिनच्या जवळचा मिश्रधातु २०१७ या क्रमांकानें ओळखला जातो.

आतां व्यवहाराची एक गोष्ट. संस्कारानें आलेलें बळ अवेळीं दिलेल्या उष्णतेनें जातें, आणि तें गेल्याची खूण बाहेरून दिसत नाहीं. घरोघरीं असणाऱ्या हलक्या धातूच्या शिड्या बहुधा ड्युरॅल्युमिनच्या नसतात, परंतु त्यांतील पुष्कळशा धातूंना बळ याच जातीच्या संस्कारानें आलेलें असतें. वांकलेली शिडी भट्टींत तापवून सरळ केली, अथवा मोडलेला दांडा कोणाकडूनहि झाळून घेतला, तर ती दिसेल पूर्वीसारखी, पण सांध्याजवळ मऊ पडलेली असेल. दिवाळीच्या साफसफाईस घरांतील मुलगा तिच्यावर चढणार असतो. तेव्हां अशी शिडी तापवूं नये. ती टाकून नवी घ्यावी.