तळपायावरचा काळा डाग : भोवरी समजून कापू नका

बैलाला पत्र्या मारण्याआधी आपण त्याचे खूर उलटून नीट पाहतो. स्वतःचा तळपाय मात्र काटा मोडल्याशिवाय सहसा कोणी पाहत नाही. या लेखात ज्या रोगाची माहिती दिली आहे तो आपल्याकडे बहुधा याच जागी होतो, आणि उशिरा लक्षात आल्यामुळे जिवावर बेततो.

या रोगाचे नाव मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग आहे. ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका येथील गोऱ्या लोकांत तो पुष्कळ आढळतो व त्याचे मुख्य कारण ऊन हे आहे. भारतात लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षाही कमी नवे रुग्ण आढळतात. त्यामुळे सावळ्या माणसाला हा रोग होतच नाही, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे.

आशियाई लोकांत या रोगाची जागाच निराळी असते. बीजिंग येथील कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांनी ५२२ चिनी रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ४२ टक्के रुग्णांत रोग हातापायांच्या टोकाकडील भागांवर, म्हणजे मुख्यतः तळपाय, तळहात व नखाखाली होता. आणखी सुमारे २३ टक्के रुग्णांत तो नाक, तोंड, गुदद्वार अशा आतल्या ओल्या अस्तरावर होता. जेथे ऊन पोचत नाही अशाच या जागा आहेत. म्हणजे डोक्यावर टोपी आणि अंगभर कपडे हे उन्हासाठी चांगलेच, पण या रोगापासून त्यांनी बचाव होईल असे मानू नये. जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरांना २०१६ साली असे दिसून आले की, तळपायाच्या ज्या भागावर चालताना जास्त दाब पडतो, तेथे हा रोग अधिक आढळतो. अनवाणी चालल्याने तो होतो असा याचा अर्थ नव्हे. मात्र टाच आणि चवडा अधिक बारकाईने पाहावा.

बीजिंगच्या त्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे ४२ टक्केच हयात होते. अमेरिकेत हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. मोठ्या रुग्णालयात बळावलेले रुग्ण अधिक येतात हे धरले, तरी फरक मोठाच आहे. याला काही अंशी रोगाचा प्रकार कारणीभूत आहे. नवी औषधेही या प्रकारावर तुलनेने कमी लागू पडतात. पण मोठे कारण म्हणजे उशीर.

उशिराचा अर्थ येथे मिलिमीटरमध्ये मोजला जातो. १९७० साली अमेरिकेतील डॉ. ब्रेस्लो यांनी दाखवून दिले की, हा डाग किती पसरला यापेक्षा तो कातडीत किती खोल गेला यावर रुग्णाचे भवितव्य जास्त अवलंबून असते. लव्हाळ्यासारखेच हे आहे : वर दिसते ते थोडे, खरा उपद्रव खाली. खोली १ मिलिमीटरच्या आत असताना डाग भोवतालच्या थोड्या कातडीसह काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ४ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर रोग जांघेतील गाठींत आणि तेथून फुप्फुसे, यकृत, मेंदू येथे पोचण्याचा धोका फार वाढतो.

उशीर का होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. डाग दुखत नाही. भोवरी, कुरूप किंवा जुना मोडलेला काटा समजून तो ब्लेडने तासला जातो, त्यावर बिब्बा लावला जातो. बिब्ब्याने कातडी भाजून काळी पडते आणि मूळ डाग ओळखू येत नाही. त्यात काही महिने सहज निघून जातात. माझ्या मते, घरगुती उपायांपैकी सर्वात घातक हाच आहे.

काय पाहावे?

आठवड्यातून एकदा पाय स्वच्छ धुऊन उजेडात तळवे पाहावेत. तळवा स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातील माणसाकडून पाहून घ्यावा. नव्याने उठलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला, कोठे तपकिरी कोठे काळा असा डाग वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावा. जपानी तज्ज्ञ तळपायावरील नव्या डागासाठी ७ मिलिमीटरची मर्यादा सांगतात. तुरीच्या मोठ्या दाण्याएवढे हे माप समजावे. हा रोग दर वेळी काळाच असतो असेही नाही. महिना उलटूनही न भरणारी लालसर जखमही दाखवून घ्यावी.

नखाच्या बाबतीत थोडे तारतम्य लागते. सावळ्या माणसाच्या अनेक नखांवर फिकट काळ्या रेघा असणे सामान्य आहे. अंगठ्याच्या एकाच नखावर नवी रेघ उमटून रुंद होऊ लागली, किंवा काळा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर मात्र थांबू नये. दगड लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते व मागे स्वच्छ नख येते. रोगाची रेघ मुळापासून तशीच राहते. पायाचे नख पूर्ण नवे येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते, तेवढी वाट पाहू नये. नखाच्या मुळाशी ब्लेडने बारीक खूण करून महिन्याभराने पाहिले तरी अंदाज येतो.

तपासणीसाठी डाग किंवा त्याचा तुकडा काढावा लागतो. सुई किंवा सुरी लागली की रोग पसरतो, या भीतीने पुष्कळ जण माघारी फिरतात. ती भीती निराधार आहे. प्रथम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढील उपचार मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शी व नागपूर येथील कर्करोग रुग्णालये आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात मिळतात. जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करावी.