रक्तदाबाची गोळी आणि म्हातारपणीची चिंता

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले ७२ वर्षांचे एक काका माझ्याकडे दरमहा येतात. रक्तदाब काही केल्या उतरेना. मीठ कमी केले, गोळी बदलली. अखेर काकूंनीच सांगितले, "डॉक्टर, हे गोळी एक दिवसाआड घेतात." काका ओशाळले. म्हणाले, "उद्या मोठे दुखणे आले तर चार पैसे नकोत का?"

मोठ्या दुखण्यासाठी पैसे राखायचे आणि गोळी चुकवून पक्षाघाताला आमंत्रण द्यायचे, असा हा हिशेब! रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या रोज घेण्यासाठीच असतात. रक्तदाब वाढला तरी सहसा दुखत-खुपत नाही, म्हणून गोळी चुकल्याचे कळतही नाही.

काकांची भीती मात्र खोटी नव्हे. १९९५ च्या योजनेतील कामगारांचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढत नाही. २०१४ साली त्याची किमान रक्कम ठरली ती दरमहा १००० रुपये.

पण केवळ रकमेवर सारे अवलंबून नसते. एका निवृत्त गुरुजींना महागाई भत्त्यासह चांगले निवृत्तिवेतन आहे. तरी छातीत धडधड, पहाटे तीनला जाग. हृदयाचा आलेख अगदी स्वच्छ! खोदून विचारले तेव्हा कळले, पासबुक आणि कार्ड मुलाकडे. मुलगा सज्जन आहे, पण चष्म्यालाही पैसे मागायचे, याची गुरुजींना लाज वाटते. सततच्या चिंतेने शरीर सावध अवस्थेत राहते, नाडी जलद चालते, झोप मोडते. (झोपेची गोळी हा यावरचा उपाय नव्हे, हे मी त्यांना दोनदा सांगितले.) मुलाला बोलावून पासबुक वडिलांकडे द्यायला सांगितले.

काकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथे नसल्या तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त गोळी मिळते. दुसरे, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते. योजनेतील रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात आहे. रोजच्या गोळ्या मात्र त्यात येत नाहीत.

आता वयस्कर रुग्ण आला की मी गोळ्यांचे पाकीट सोबत आणायला सांगतो आणि उरलेल्या गोळ्या स्वतः मोजतो. जास्त उरल्या, तर आधी घरच्या खर्चाची चौकशी करतो.