सनई, संगणक आणि सुराची निवड

(द्वितीय वर्ष, कला)

लग्नसराई आली की आमच्या अमळनेर तालुक्यात रात्री उशिरापर्यंत वरातींचे आवाज ऐकू येतात. वरात कोणाचीही असो, 'नागिन'ची धून वाजल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. ही धून गारुड्याच्या पुंगीची आहे असा आपला सर्वांचा समज असतो. वास्तविक १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात तो पुंगीचा आवाज कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर काढला होता. संगीतकार होते हेमंतकुमार. फ्रान्समध्ये १९४७ साली तयार झालेले हे वाद्य एका वेळी एकच स्वर देई. म्हणजे यंत्राचा सूर सत्तर वर्षांपूर्वीच आपल्या वरातीत शिरला आहे!

त्या वाद्याची नातवंडे आज संगणकात राहतात. त्यांना सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात. अहिराणी गाणी रचणारे माझे मित्र विचारतात, "यातला सर्वांत चांगला कोणता?" गेल्या वर्षी हाच प्रश्न मलाही पडला होता. आमचे आबा लग्नात सनई वाजवतात. डीजे आल्यापासून त्यांना सुपाऱ्या कमी मिळतात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे संगणकातले मला सर्व कळते, अशी घरच्यांची समजूत. आबांची सनई संगणकात उतरवायची, असा मी चंग बांधला.

प्रथम हे यंत्र आवाज कसा तयार करते ते पाहू. त्यात एक भाग लहर निर्माण करतो. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व उपस्वर असतात. शंकूच्या आकाराच्या सनईला ती जवळची. चौकोनी लहरीत फक्त तिप्पट, पाचपट असे विषम उपस्वर असतात; बँडमधल्या क्लॅरोनेटच्या खालच्या सुरांशी तिचे नाते आहे. दुसरा भाग म्हणजे गाळणी. नको असलेले उपस्वर ती अडवते. तिसरा भाग आवाज किती वेगाने उठावा, टिकावा आणि विरावा हे ठरवतो.

आता निवडीकडे वळू. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतील अशी, म्हणजे फुकट मिळणारी, तीन नावे सांगतो. 'सर्ज' हे २०१८ पासून सर्वांसाठी खुले झाले. लहर घ्यायची आणि गाळायची, ही जुनी रीत शिकायला ते उत्तम. 'डेक्स्ड' हे यामाहाच्या १९८३ मधील डीएक्स-७ या वाद्याची प्रतिकृती. त्यात एक लहर दुसरीला हलवते. घंटेसारखे, धातूचे नाद त्यात सुरेख निघतात आणि जुन्या संगणकावरही ते सहज चालते. २०२० मध्ये आलेल्या 'व्हायटल'ची साधी आवृत्ती फुकट आहे. सरकत्या, बदलत्या नादांसाठी ते नामी. शिवाय लहर पडद्यावर हलताना दिसते. पण माझ्या मित्राच्या जुन्या संगणकाला ते जड गेले.

यांतले चांगले कोणते? माझे मत असे की, हा प्रश्न नावाने सुटत नाही, तीन कसोट्यांनी सुटतो.

पहिली कसोटी मींडेची. आपले संगीत दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर जगते. कीबोर्डच्या डावीकडील चाकाने स्वर वाकवता येतो; पण बहुधा तो दोनच अर्धस्वर वाकेल अशी योजना असते. ती मर्यादा वाढवून पाहावी आणि मींड गुळगुळीत येते का ते ऐकावे.

दुसरी कसोटी स्वरस्थानांची. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. कीबोर्डचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ असतो. फरक दिसायला अल्प, पण सतत वाजणाऱ्या षड्जाबरोबर तो कानाला टोचतो. स्थिर स्वर आणि मींडेचा अभाव, याच आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले होते. 'सर्ज'मध्ये स्वरांची जुळणी आपल्याला हवी तशी बदलता येते. पेटीला न मिळालेली ही सोय संगणकाने फुकट दिली आहे!

तिसरी कसोटी विलंबाची. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने मोजून आवाज घडवतो, आणि ते गठ्ठ्यांनी बाहेर पाठवतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर सुमारे ६ सहस्रांश सेकंद लागतात. १,०२४ चा असेल तर २३. एवढ्यानेही बोट आणि सूर यांची फारकत जाणवते. गठ्ठा लहान ठेवूनही जे न अडखळता वाजते, तेच आपल्या संगणकासाठी चांगले.

या तिन्ही कसोट्या लावून मी 'सर्ज' निवडले. करवती लहर घेतली, गाळणी लावली, पंधरा दिवस खपून सनई तयार केली आणि आबांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "आवाज चांगला शे रे, पन त्यामा दम नही." त्यांचे खरे होते. सनई वाजवणारा श्वास घेतो, पात दाबतो, दमतो. म्हणून एकच स्वर दर क्षणाला निराळा होतो. माझा स्वर पहिल्या क्षणी होता तसाच शेवटी होता.

मग मी उलट केले. त्यांची सनई मोबाईलवर मुद्रित केली. तिच्याखाली 'सर्ज'चा आस धरणारा षड्ज आणि खर्जाचा भरदार सूर ठेवला. हे सूर देणारे वाद्य आमच्या घरात नव्हतेच, त्यामुळे यंत्राने कोणाची जागा घेतली नाही. गाणे ऐकून आबांनी एकच विचारले, "पुन्हा कधी वाजवायचे?"

तेव्हा मित्रांनो, निवड करण्यापूर्वी एवढे पाहा : जो सूर आपल्या गावात कोणी वाजवत नाही, त्यासाठी यंत्र घ्या. जो वाजवणारा अजून आहे, त्याला आधी बोलवा.