वर्डप्रेसचा पासवर्ड: एमडी५ ते बीक्रिप्ट

मे २००३ मध्ये वर्डप्रेस आले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत सदस्याच्या पासवर्डचा नुसता एमडी५ हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठसा, डेटाबेसमध्ये ठेवला जाई. एका पासवर्डचा हॅश जगभर सारखाच. नोव्हेंबर २००७ मध्ये केंब्रिजचे संशोधक स्टीव्हन मर्डॉक यांनी, आपल्या गटाच्या साइटवर घुसखोराने उघडलेल्या खात्याचा हॅश सरळ गूगलवर शोधला. उत्तर मिळाले: ‘अँथनी’.

मार्च २००८ च्या २.५ आवृत्तीने हे दार लावले. ‘सोलर डिझायनर’ या नावाने ओळखले जाणारे अलेक्झांडर पेसल्याक यांची पीएचपास ही पद्धत आली. प्रत्येक पासवर्डला वेगळे सॉल्ट (हॅश करण्याआधी मिसळलेली यादृच्छिक अक्षरे), आणि एमडी५ च्याच पण ८,१९२ फेऱ्या. जुना हॅश असलेला सदस्य लॉगिन करी, तेव्हा त्याच्या नकळत नवा हॅश तयार होई.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याच आवृत्तीतला दुसरा निर्णय. हॅश बनवणारे आणि पासवर्ड ताडून पाहणारे, ही दोन्ही फंक्शन्स बदलण्याजोगी ठेवली गेली. प्लगइनने त्याच नावाचे फंक्शन लिहिले, की वर्डप्रेस आपले बाजूला ठेवते. दुसऱ्या प्रणालीतून हजारो सदस्य आणायचे असतील, तर त्यांचे जुने हॅश ओळखणारी काही ओळींची तपासणी पुरते; कुणालाही ‘पासवर्ड बदला’ असे सांगावे लागत नाही.

पुढे मात्र गाडी रेंगाळली. वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीने २०११ मध्येच एसएचए-५१२ घेतले. पीएचपी ५.५ मध्ये २०१३ साली बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ ठेवलेली हॅश पद्धत वापरणारी सोपी फंक्शन्स आली. जुन्या सर्व्हरांसाठी वर्डप्रेस पीएचपी ५.२.४ ला धरून राहिले, ते २०१९ पर्यंत. तोवरचा उशीर समजू शकतो. त्यानंतरची सहा वर्षे नाही. एवढ्या काळात ज्यांना काळजी होती, त्यांनी प्लगइन लिहून बीक्रिप्ट आणले. २००८ मध्ये बदलण्याजोगी ठेवलेली ती फंक्शन्स त्यांच्या कामी आली.

१५ एप्रिल २०२५ ला ६.८ आवृत्तीत बीक्रिप्ट मुळातच आले. बीक्रिप्ट ७२ बाइटांपुढचे पाहत नाही, म्हणून पासवर्ड आधी एसएचए-३८४ मधून काढला जातो.

तुमच्या साइटवर पडताळणीचे जुने प्लगइन असेल, तर ते आजही वर्डप्रेसच्या नव्या फंक्शनला बाजूला सारत असेल. ते उघडून पाहा. आणि वर्षानुवर्षे लॉगिन न झालेली खाती काढून टाका. नवा हॅश लॉगिनच्या वेळीच बनतो, म्हणून त्यांचे हॅश अजून जुनेच आहेत.