बारावीनंतर सायकल कुठे जाते?

शाळा भरायच्या वेळेला दौंड तालुक्यातल्या पाटस, वरवंड, केडगाव, यवत, कुठल्याही गावच्या फाट्यावर उभं राहावं. गणवेशातल्या मुली सायकलींवरून जथ्याजथ्यानं येतात. दप्तर कॅरिअरला, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गाठ मारलेली, एखादीच्या मागे मैत्रीण डबलसीट. त्याच रस्त्यावर तिशीच्या पुढची बाई सायकलवर दिसते का, तेही बघावं. पुरुष दिसतात. हँडलला किटली लावलेला दूधवाला दिसतो, टोपी घातलेले सत्तरीतले आजोबा दिसतात. बाई मात्र पायी चाललेली असते, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसलेली असते, नाहीतर वडापच्या जीपची वाट बघत उभी असते.

बायका सायकल का चालवत नाहीत, असं विचारलं की उत्तरं तयार असतात: साडी आडवी येते, भीती वाटते, लाज वाटते, सवय नाही. दौंड तालुक्यात तरी मला ही उत्तरं पटत नाहीत. आज पस्तिशीच्या असलेल्या बऱ्याच जणी शाळेत असताना वस्तीपासून गावापर्यंत रोज सायकल मारत होत्या. सायकल त्यांना येते. ती त्यांच्याकडून सुटली कधी आणि कशी, हे विचारायला हवं.

सुटते ती साधारण बारावीच्या आसपास. पुढचं कॉलेज दौंडला किंवा पुण्याला असतं, म्हणजे एसटी किंवा लोकल. घरातली सायकल धाकट्या भावाकडे जाते. तो मोटारसायकलवर बसायला लागला की ती गोठ्याच्या भिंतीला टेकते, चाकांतली हवा जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. मुलगी तोवर सासरी गेलेली असते. आंदण म्हणून भांडी, कपाट, फ्रीज, ऐपत असेल तर स्कूटीही जाते. सायकल कुणी देत नाही.

सरकारी योजनांची नजरही बारावीपाशीच संपते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. जिल्हा परिषदांचे महिला व बालकल्याण विभागही मुलींना सायकली देतात. या योजना चांगल्याच आहेत. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलचे पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत फायदा जास्त झाला. पण या सगळ्या योजनांत सायकल हे शाळेत पोचायचं साधन आहे. शाळा संपली की साधनाची गरज संपली, असं त्यात धरलेलं आहे.

गरज संपते का? दौंड तालुका कालव्याच्या पाण्यावर, भीमेच्या काठावर वस्त्यांनी पसरलेला आहे. ऊस आला तशी माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. वस्तीपासून गाव दोन किलोमीटर, फाटा तीन, दवाखाना चार. एसटी फाट्यावर थांबते. पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. पण वस्तीवरून फाट्यापर्यंत कोण नेणार? एवढं अंतर सायकलला अगदी बेताचं. आणि या अंतरात बाईच्या फेऱ्या पुरुषापेक्षा जास्त होतात: पोराला अंगणवाडीत सोडणं, दळण, रेशन, बचत गटाची बैठक, शेतावर न्याहारी पोचवणं, सासूबाईंची बीपीची गोळी. आशाताईंचं तर कामच वस्त्यावस्त्यांवर फिरायचं.

या फेऱ्या कुणी मोजत नाही. लोक कामाला कशानं जातात, हा प्रश्न २०११ च्या जनगणनेत होता. पण तो ज्यांना विचारला त्यांत शेतकरी आणि शेतमजूर नव्हते. घरगुती उद्योगातले नव्हते. म्हणजे खुरपायला दुसऱ्याच्या रानात तीन किलोमीटर चालत जाणारी बाई त्या तक्त्यात नाहीच, आणि दळणाची पिशवी घेऊन जाणारी तर कामाला चाललीय असं सरकार मानतही नाही. जो प्रवास कागदावर नाही, त्याच्यासाठी रस्त्याची कड तरी कोण करणार?

आता साडीचं. काष्ट्याची नऊवारी नेसून आपल्या आज्या-पणज्या लावणीपासून मळणीपर्यंत सगळं करत होत्या. सायकलच्या नळीवरून पाय टाकायला तिच्याइतकं सोयीचं नेसणं दुसरं नसेल. अडचण झाली ती सहावारीनं. त्यावरही उपाय जुनाच आहे: खाली वाकवलेली नळी, चेनला पूर्ण झाकण, मागच्या चाकाला जाळी. साडीतल्या बायका लेडीज सायकलवरून कामाला जाताना पुण्यानं वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. आज दुकानात जा, लेडीज सायकल म्हणजे पुढे बास्केट असलेली शाळकरी मुलीची सायकल. कॅरिअर नाजूक, वीस किलोची गोणी ठेवली तर वाकेल. मागे पोर बसवायची सोय वेगळी लावून घ्यावी लागते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या बायकांनी यावर स्वतःच तोड काढली होती. तिथल्या साक्षरता मोहिमेत १९९१ च्या सुमारास जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकवणं हा मोहिमेचाच भाग केला, सायकलींसाठी बँकांनी कर्ज द्यावं म्हणून प्रयत्न केले. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आणि ते देशभर पोचलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, अंगणवाडीसेविका अशा लाखभर बायका तिथं सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्या जेन्ट्स सायकल चालवू लागल्या, आणि काहींना तीच जास्त आवडली, कारण आडव्या नळीवर पोराला बसवता येतं. बाईची सोय बाईला विचारली की असं उत्तर मिळतं.

बायका यंत्राला बिचकतात म्हणणाऱ्यानं आपल्याच तालुक्यातलं केडगाव आठवावं. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं मुक्ती मिशन उभं केलं. विधवा, दुष्काळात निराधार झालेल्या मुली, यांनी तिथं माग चालवले, छापखाना चालवला. सव्वाशे वर्षांपूर्वी खिळे जुळवणारे हात याच मातीत राबत होते.

खरी भीती आहे ती रस्त्याची आणि रस्त्यावरच्या माणसाची. पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला तेव्हा गाड्यांचा वेग वाढला आणि गावांचे दोन तुकडे झाले. पलीकडच्या बाजूला जायचं तर दुभाजकाच्या तोडापर्यंत लांब जा, नाहीतर उलट्या दिशेनं सायकल मारा. मुली रोज हेच करतात. दिवाळी झाली की गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर. संध्याकाळी तो शेजारून गेला की सायकल साइडपट्टीच्या खडीत उतरते. दौंड शहरात रेल्वेनं गावाचे दोन भाग केलेत आणि रुळांखालच्या कुरकुंभ मोरीतून जाताना सायकलवाल्याला मोटारींच्या मधली फट शोधावी लागते.

आणि माणूस. मोटारसायकलवरचा टवाळ पोरगा सायकलच्या वेगाला वेग मिळवून शेजारून चालतो. सायकलवर असलेल्या मुलीला त्याला मागं टाकता येत नाही, म्हणून बायकांना स्कूटी सुरक्षित वाटते. ते खोटं नाही. १३ जुलै २०१६ ला शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीला सायकलवरून आजोबांच्या घरी गेलेल्या शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला, त्यानं भीमेच्या दोन्ही काठांवरच्या आयांचा जीव धास्तावला. मुलीला एकटी सोडू नका, हा सल्ला तेव्हा घरोघर दिला गेला. मुलग्याला काय सांगायचं, यावर तेवढी चर्चा झाल्याचं आठवत नाही.

काही घरांत कुजबुजीतलं आणखी एक कारण असतं: वयात आलेल्या मुलीनं सायकल चालवली तर ‘नको ते’ होतं. डॉक्टरी शास्त्रात याला शून्य आधार आहे. कौमार्य तपासता येतं ही कल्पनाच निराधार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर केलं. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांपर्यंत ते अजून पोचायचंय.

सगळ्यात चिवट अडथळा मात्र प्रतिष्ठेचा. सायकलवरची सून दिसली की शेजारीण विचारते, “का गं, घरी गाडी नाही का?” यात बाईच्या हिंडण्याला हरकत नसते. सायकल म्हणजे गरिबी, आणि घराची गरिबी सुनेनं चारचौघांत मिरवायची नाही, एवढाच अर्थ. म्हणून स्कूटी. तिला शंभरीपार गेलेलं पेट्रोल लागतं, पेट्रोलचे पैसे मागावे लागतात, किल्ली नवऱ्याच्या शर्टाच्या शेजारी खुंटीला असते. सायकलला किल्ली मागावी लागत नाही, आणि तिची ही बाजू फार कमी लोक बोलून दाखवतात. शहरात तीच सायकल हेल्मेट घालून पहाटे चालवली की फिटनेस होतो, फोटो निघतात. दळण घेऊन चालवली की ती लाजेची.

यावर मोठा निधी लागतो असंही नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. शिलाई मशिनं बरीच वाटून झाली. यंदाच्या महिला सभेत दोन ठराव मांडून बघा: अठरा वर्षांपुढच्या बायकांसाठी दणकट कॅरिअरच्या सायकली, आणि वस्तीपासून फाट्यापर्यंत मुरूम टाकून दाबलेली, खड्डे नसलेली, दिवे असलेली रस्त्याची कड. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या घ्या, आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा.